उन्हाळ्यापुरते पोट्टे

महापालिकेच्या शाळेत मी सगळी नोकरी काढली. पण आजही बाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ भाजीची पिशवी खाली ठेवून पाया पडायला वाकतो, तेव्हा तो हमखास म्हणतो, "बाई, ओळखलं काय? मी तुमच्याकडे उन्हाळ्यात होतो." शाळेतले असे वाकत नाहीत. शाळेतले मला पाहून अजून रस्ता बदलतात. त्यांना वाटतं, बाई पंधराचा पाढा म्हणायला लावतील.

तेव्हा माझी खरी नोकरी कोणती, हा प्रश्न मी आता सोडवत बसत नाही. पगार शाळेनं दिला, पेन्शनही शाळाच देते. आठवणी मात्र सगळ्या उन्हाळ्यातल्या आहेत.

त्या धंद्याची सुरुवात एका वाक्यानं झाली. "बाईंना काय, दोन महिने सुट्टी!" अजनीतल्या आमच्या गल्लीत हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी होतं, आणि ते म्हणताना माणसं असं बघत, जणू ही सुट्टी मी त्यांच्या खिशातून काढून घेतली आहे. शेजारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातली एक सिस्टर राहायची. तिच्या मुलाची शाळा बंद झाली, तिची ड्युटी काही बंद झाली नाही. एका सकाळी ती मुलाला घेऊन दारात उभी राहिली. "बाई, आजच्या दिवस." मी बरं म्हटलं. तो आजचा दिवस जून उजाडेपर्यंत चालला. पुढल्या वर्षी तिच्या मैत्रिणीचं मूल आलं, मग पोस्टातल्या बाईंची दोघं, मग हिंगण्याच्या कारखान्यात जाणाऱ्या नवरा-बायकोचा गोलू. ते दोघं कंपनीच्या बसनं जायचे. बस आमच्या चौकात पुरती थांबायचीसुद्धा नाही. गोलूची आई पायरीवरून गोलू माझ्या हातात द्यायची आणि बस सुटल्यावर तिला आठवायचं की डबा आतच राहिला.

आमचे हे छापखान्यात कामाला होते. दर मार्चमध्ये आम्ही ठरवायचो की यंदा चिखलदऱ्याला जायचं, आणि दर एप्रिलमध्ये घरात पोट्टे भरायचे. चिखलदरा राहिला तो राहिलाच. त्याची रुखरुख आहे, खोटं कशाला सांगू. पण आमचे हे म्हणायचे, "तिथं जाऊन तू करणार काय? झाडं मोजशील आणि पाणी प्यायला लावशील."

कारण पाणी पाजणं हेच या धंद्याचं निम्मं काम. नागपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगते: मे महिन्यात सकाळी दहाला दारं-खिडक्या लावायच्या, दारावर वाळ्याची ताटी बांधायची, तिच्यावर तांब्या-तांब्यानं पाणी मारत राहायचं आणि ऊन उतरेपर्यंत एकही पोर उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. मुलाला तहान लागली की ते पाणी मागतं, ही मोठ्यांची समजूत आहे. खेळातलं मूल चक्कर येऊन पडेल, पण पाणी मागणार नाही. म्हणून मी दर खेळात पाणी घुसवलं होतं. आउट झाला, पी पाणी. जिंकला, पी पाणी. भांडला, दोघंही प्या.

उरलेलं निम्मं काम आयांना सांभाळायचं. लोकांना वाटतं सकाळी मुलं रडतात. मुलं रडतात घटकाभर. आया फाटकाबाहेर जातात, परत येतात, खिडकीच्या फटीतून बघतात, आणि मूल हसताना दिसलं की मग खऱ्या रडतात. बापांची तऱ्हा वेगळी. एका बँकेतल्या साहेबांनी आपल्या मुलाचं वेळापत्रक मला तोंडपाठ म्हणून दाखवलं: साडेदहाला फळ, अकराला इंग्रजी, बाराला विश्रांती. मी ऐकून घेतलं. त्यांचा चिरंजीव बाराला माळ्यावर चढलेला असायचा आणि तिथून इंग्रजीत उतरायचं नाही म्हणायचा.

आणि डबे. आमचं घर बौद्ध, दीक्षा घेतलेलं. पुष्कळ आया मुलांच्या गळ्यात घरच्या पाण्याची बाटली अडकवून द्यायच्या आणि डबा देताना मुलाच्या कानात काहीतरी सांगायच्या. मी ऐकू न आल्यासारखं करायची. बारा वाजता सगळे डबे उघडायचे, गोलाकार फिरायचे, आणि कुणाची पोळी कुणाच्या पोटात गेली ते मला काय, देवालाही सांगता आलं नसतं. आयांना हे कधी कळलं नाही. आता वाचून कळलं तर कळो. पचलेलं काही परत येत नाही.

एक नियम मात्र मी कधी मोडला नाही. "आई आत्ता येते" असं मुलाला सांगायचं नाही. "दिवे लागायच्या आत येते" म्हणायचं, आणि आईलाही बजावायचं की तेवढं पाळ. हा नियम सर्वात काटेकोर पाळला तो सुमन परातेनं.

सुमन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नवरा मालगाडीवर गार्ड, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. घर नागपूरच्या महाल भागात. घरी सासरा आणि मीना नावाची मुलगी, पुरती पाच वर्षांचीही नव्हती. आदल्या उन्हाळ्यात मीनाला सासरेच बघायचे. पण एका दुपारी त्यांचा डोळा लागला आणि ही पोरगी कडी काढून, अनवाणी, भर उन्हात आईच्या ऑफिसला निघाली. पानठेल्यावाल्यानं तिला चौकात अडवलं म्हणून बरं. त्यानंतर सुमननं ठरवलं की पुढल्या सुट्टीत मीना बाईंकडे.

पहिल्या दिवशी सायकलरिक्षातून सुमन आणि मीना उतरल्या. पाठोपाठ छत्री घेतलेले, पांढऱ्या टोपीतले एक उंच म्हातारे चालत आले. एका हातात सुराही, दुसऱ्या काखेत सतरंजी.

सुमन माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, मामाजी आहेत. सोडायला आले. जातील."

मामाजी, म्हणजे तिचे सासरे, गेले नाहीत. त्यांनी व्हरांड्यात सतरंजी अंथरली, सुराही सावलीत ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मास्तरीनबाई, मी बसून राहिलो अठीसा. नातीले पायतो. तुमच्यावर मले भरोसा नाई."

"माझ्यावर नाही, तर इथं ठेवता कशाला?"

"मी नाई ठेवून राहिलो. सूनबाई ठेवून राहिली. तिचा माह्यावर भरोसा नाई."

सुमन लाजेनं मान खाली घालून ड्युटीवर पळाली. म्हातारे बसले ते बसलेच. मला वाटलं, दोन दिवस बसतील आणि कंटाळतील. आठवड्यानं मी चहात त्यांचाही कप धरायला लागले. सगळी मुलं त्यांना मीनासारखंच आबाजी म्हणायला लागली.

आबाजी कपड्याच्या मिलमध्ये जॉबर होते. म्हणजे मागांच्या एका ओळीवरचे मुकादम. माग बिघडला, धागे तुटले, की ते धावायचे. उभी हयात त्या खडखडाटात काढल्यानं कान जवळजवळ गेले होते. माझ्या धंद्यात हा केवढा मोठा गुण आहे हे मला हळूहळू कळलं. घरात पोरं छप्पर उडवत असताना आबाजी शांतपणे तंबाखू मळत बसायचे.

मला मात्र ते सल्ले द्यायचे. ताटी चुकीची बांधली. चटया चुकीच्या अंथरल्या. "तुम्ही पोट्ट्याईले लयच बोलता. एवढं तर आमचा मॅनेजरबी नव्हता बोलत."

"तुम्हाला ऐकू येत नाही, तर मी किती बोलते ते कसं कळतं?"

"तोंड दिसते ना! सकाळपासून बंद नाई झालं."

सुराहीचं म्हणाल तर मी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आमच्या घरचं पाणी न चालणारी माणसं मला नवी नव्हती. पण पोरांना मातीच्या माठापेक्षा त्या नक्षीदार सुराहीचं भारी आकर्षण. सकाळी आबाजींची पाठ फिरली की एकेक जण जाऊन तोटी तोंडाला लावायचा. एका दुपारी आबाजींनी सुराही पेल्यावर वाकडी केली, आणखी वाकडी केली, पार उलटी केली. थेंब नाही. बाहेर ऊन भट्टीसारखं. ते बराच वेळ रिकाम्या पेल्याकडे बघत बसले. मग मीनाकडे बघून अंगठा ओठांशी नेला. मीनानं माझ्या माठातून पेला भरून आणला. ते प्याले. आणखी एक मागितला, तोही प्याले. मी आतून तांदूळ निवडत बघत होते. त्यांनाही ठाऊक होतं की मी बघते आहे.

"माठ गार हाय," ते म्हणाले. "कोठचा?"

"तुमच्याच महालातला, आबाजी."

"मंगच," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीपासून सुराही आली नाही.

खरा पेच उभा केला तो आमच्या घरमालकांनी. भिंतीला भिंत लागून यादवजी राहायचे. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, बायकापोरं गावी. रात्रभर गाडी चालवायची आणि दिवसा झोपायचं. माणूस सज्जन, पण झोपेविना सज्जन कोण राहतो? एका दुपारी ते लुंगीवर, लाल डोळ्यांनी दारात उभे राहिले.

"मास्टरनीजी, आपके बच्चे अच्छे हैं. लेकिन आज रात मेरे पीछे पूरी गाड़ी भर के आदमी बैठेगा. मुझे इंजिन पे झपकी आ गयी तो?"

  माणसाचं खरं होतं.

"दोपहर को आवाज बंद कर सको तो ठीक. नहीं तो ये काम बंद करो, या दूसरा मकान देखो."

मुलांना दुपारी झोपवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. झोपवून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. दुपारी मुलं झोपतात ती डोळे मिटून, एकमेकांना चिमटे काढत. मी गोष्टी सांगून पाहिल्या, दटावून पाहिलं, गूळ-शेंगदाण्यांची लाच दिली. शेंगदाणे संपले की पुन्हा दंगा. गोलू चावरा होता, आणि ज्याला चावायचा तो ओरडायचा. आता कारखान्यातल्या त्या दोघांना, पोस्टातल्या बाईंना, सुमनला, काय सांगायचं? ऐन मे महिन्यात त्या पोरांना घेऊन जाणार कुठे? मला दोन घास कमी गेले.

आबाजींनी विचारलं, "काय झालं? तोंड काहून बंद हाय आज?"

मी ओरडून, हातवारे करून सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू झाडली आणि आत आले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले होते. पोरांच्या मधोमध बसले, तोंडावर बोट ठेवलं आणि हातांनी बोलू लागले.

मिलच्या खात्यात मागांच्या आवाजात माणसाचा आवाज काही उपयोगाचा नसतो. तिथली माणसं हातांनी बोलतात आणि समोरच्याच्या ओठांवरून वाचतात. कानाची पाळी ओढली म्हणजे साहेब आला. पोटावर गोल हात फिरवला म्हणजे जेवण. कपाळावर बोट टेकवलं म्हणजे घरची बाई. मुलांच्या भाषेत आई. दोन मुठी शेजारी धरून झटकन दूर केल्या म्हणजे धागा तुटला. आणि धागा तुटला म्हणजे, असेल ते काम टाकून ताबडतोब ये.

पोरं खिळून गेली. मोठ्यांना न कळणारी भाषा मिळाली की मुलाला दुसरं काही लागत नाही. जो तोंडानं बोलेल तो आउट. त्या दुपारपासून आमच्या घरात अशी शांतता पसरली की पहिल्यांदा मीच घाबरून दोनदा डोकावले. खोलीभर हात हलताहेत, भांडणं चालली आहेत, गोलू चावतो आहे, आणि चावलेला दोन मुठी झटकून धागा तुटल्याचं सांगत आबाजींकडे धावतो आहे. आवाज मात्र पंख्याचा तेवढा.

यादवजी चार दिवसांनी दारात आले. "सब बच्चे चले गये क्या?" त्यांनी जरा वाईट वाटल्यासारखं विचारलं. मी आत बोट दाखवलं. ते बराच वेळ चौकटीला टेकून बघत राहिले. मीनानं त्यांच्याकडे बघून कानाची पाळी ओढली. साहेब आला.

असं सगळं मार्गी लागलं आणि एका संध्याकाळी सुमन आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. मीना चप्पल शोधत होती. आबाजी अंगणाच्या पलीकडे, कडुनिंबाखाली, छत्री झटकत उभे होते.

"बाई, माझं नाव लागलं," ती म्हणाली. "सुपरवायझरच्या ट्रेनिंगला. जबलपूरला जायचं. महिनाभर."

"अगं, मग पेढे कुठायत?"

"मी नाही म्हणून सांगणार आहे."

"काहून?"

"यांना विचारलं तर हे म्हणतात, बाबांना विचार. अन् मामाजींना विचारायची माझी हिंमत नाही होत. ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. लेकरू टाकून बाईमाणूस परगावी राहते काय. उगाच घरात वाकडं येईल. जाऊ द्या."

ती अगदी हळू बोलत होती. डोळे पुसून तिनं मीनाला चप्पल घातली आणि तिघं रिक्षाकडे गेली. मला त्या रात्री सुमनचा फार राग आला, आणि आबाजींचा तर त्याहून जास्त. सकाळी त्यांच्याशी चार शब्द बोलायचेच, असं मी ठरवून ठेवलं.

सकाळी आबाजी सतरंजी अंथरता अंथरता म्हणाले, "जबलपूर लांब हाय का हो बाई?"

मी दचकले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सूनबाईनं."

"तुम्हाला? कधी?"

"काल. तुमच्यासंगं बोलून राहिली होती तवा." त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "मागाच्या तीन ओळी पलीकडून मी माणसाचं बोलणं पाहून घेतो. अंगण केवढंसं हाय?"

माझ्या तोंडचे चार शब्द तोंडातच राहिले. ते तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "मले जॉबर केलं तवा मी नाई म्हटलं होतं काय? मंग तिनं काहून म्हणाव?" आणि थोड्या वेळानं, "मले विचारलं असतं, तर मी नाईच म्हटलं असतं. विचारलं नाई तेच बरं केलं तिनं."

संध्याकाळी सुमन येताच ते तिच्याकडे न बघता, कडुनिंबाला उद्देशून म्हणाले, "जाचं. पोट्टी माह्यापाशी राहीन. अन् मी बाईपाशी."

सुमन माझ्याकडे बघू लागली. मीच चहाडी केली असं तिला वाटलं. मी हात वर केले.

सुमन गेली. निघताना तिनं माझ्या नियमाप्रमाणे मीनाला खरं ते सांगितलं: दिवे लागायच्या आत येणार नाही, पुष्कळदा दिवे लागतील, मग येईन. मीनानं मान हलवली. ती रडली नाही. पण त्या दिवसापासून तिनं तोंडानं बोलणं सोडलं.

आधी आम्हाला कळलंच नाही. दुपारी सगळेच हातांनी बोलायचे. पण सकाळीही ती हातांनीच सांगू लागली, संध्याकाळीही. घरीसुद्धा. जेवायचं, झोपायचं, चप्पल हवी, सगळं हातांनी. बाकीची मुलं चार वाजता तोंडं उघडून किंचाळत अंगणात पळायची, आणि ही आबाजींच्या गुडघ्याशी उभी. मी जवळ घेतलं, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे.  आबाजींनी सल्ले देणं बंद केलं, तेव्हा मला खरी भीती वाटली.

रविवारी संध्याकाळी सुमनचा फोन यायचा होता. आमच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात फोन होता. मी, आबाजी आणि मीना जाऊन बसलो. ट्रंक कॉल लागला. नागपूरची ऑपरेटर सुमनचीच मैत्रीण, तिनं मोठ्या आनंदानं सांगितलं, "जबलपूर लाइनवर आहे, बोला!"

मी मीनाला स्टुलावर उभं केलं आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. आतून सुमनचा आवाज आला, "मिने! बोल नं वं! जेवली काय?"

मीनानं पोटावर गोल हात फिरवला.

"मिने? ऐकून राहिली नं?"

मीनानं मान हलवली. गाल तळहातावर ठेवला. मग माझ्याकडे बोट दाखवलं, मग आबाजींकडे. सगळं सगळं ती त्या काळ्या रिसीव्हरला हातांनी सांगत होती, आणि तिकडे सुमन "हॅलो, हॅलो" करत होती.

मी रिसीव्हर घेतला. "सुमन, ती बोलते आहे. हातांनी. थांब, मी सांगते तुला." मग आमचं तिघांचं सुरू झालं. मीना हात हलवायची, आबाजी मोठ्यानं अर्थ सांगायचे आणि मी तो फोनमध्ये सांगायची.

"जेवली म्हणते."

"जेवली म्हणते, सुमन."

"आबाजी घोरते म्हणते... खोटं हाय ते."

"आबाजी घोरतात म्हणते."

तिकडे सुमन हसली. मध्येच ऑपरेटरचा आवाज आला, "तीन मिनिटं झाली, वाढवता का?"  सुमन म्हणाली, "वाढव."

मग मीनानं कपाळाला बोट लावलं आणि दोन मुठी शेजारी धरून झटकन दूर केल्या. एकदा. दोनदा.

आबाजींनी नजर रस्त्याकडे वळवली.

"काय म्हणते?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"काय म्हणते, बाई?" सुमन फोनमधून विचारत होती. "सांगा ना, काय म्हणते?"

मी सांगितलं. "धागा तुटला म्हणते, सुमन." सुमन जॉबरची सून. तिला अर्थ सांगावा लागला नाही.  ती म्हणाली, "मी उद्याच्या गाडीनं निघते."

मी ते शब्द मोठ्यानं उच्चारलेही नव्हते. पण आबाजींनी माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं असावं. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढला, उलटा धरला आणि ओरडले, "सूनबाई! धागा तुटते! मागावर रोजच तुटते! जोडाले जॉबर हाय अठी! तू तुयं काम पुरं कर! मंग ये!" आणि सुमनला काही बोलायची संधी न देता फोन ठेवून दिला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. औषधवाल्यानं मला हळूच विचारलं, "बाई, यांना फोनची काय गरज होती?"

दुसऱ्या दिवशीपासून आबाजींचे डोळे बिघडले.

मीनानं पाण्यासाठी अंगठा ओठांशी नेला, तर ते दुसरीकडेच बघायला लागले. "काय म्हणतं वं? मले दिसत नाई. डोळ्यावर जाळं आलं दिसते. कानापाशी येऊन सांग." मीनानं पुन्हा खूण केली. "नाई वं माय, काईच दिसून नाई राहिलं." तिनं त्यांचं तोंड दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे वळवलं आणि खूण केली. त्यांनी डोळे मिचकावले आणि माझ्याच नावानं हाक मारली, "कोण हाय? बाई हाय काय?"

हे दोन दिवस चाललं. मला पोरीची दया येत होती. मी मध्ये पडायला गेले, तर मला एकटीला दिसेल अशी त्यांनी खूण केली: गप्प राहा. ती खूण आम्हा शिक्षकांना फारशी कोणी करत नाही.

तिसऱ्या दुपारी, सगळीकडे शांतता, पलीकडे यादवजी झोपलेले. आबाजी तंबाखू मळत होते आणि मळता मळता त्यांनी खाली पडलेली बारीकशी चिमूट बरोबर उचलली. मीनानं ते पाहिलं. ती उठली, त्यांच्या कानाशी गेली आणि सगळी ताकद लावून किंचाळली,

"आबाजीऽऽ! तुमी खोटं बोलून राहिलेऽऽ! तुमाले दिसतेऽऽ!"

माठावरचं झाकण थरथरलं असेल. सगळी पोरं "आउट! आउट!" करत उठली. भिंतीपलीकडे खाट वाजली आणि यादवजी धडाधडा आमच्या दारात. "कौन चिल्लाया? किसने आवाज किया?"

"मीनानं," मी म्हटलं.

मीना न बोलणारी मुलगी झाली आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. यादवजींनी तिच्याकडे पाहिलं. ती अजून आबाजींना लबाड म्हणत त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होती, आणि आबाजी, ज्यांना आता ऐकूही यायला लागलं होतं, टोपी सावरत हसत होते.

"चिल्लाने दो," यादवजी म्हणाले आणि दार लोटून गेले. त्या दुपारी त्यांना झोप लागली की नाही, मी विचारलं नाही. गाडी वेळेवर पोचली असणार.

सुमन ट्रेनिंग पुरं करूनच आली. फाटकात मीनानं तिला गाठलं आणि महिनाभराचं सगळं एका दमात सांगितलं. गोलू कुणाकुणाला चावला, बाईंनी किती पाणी पाजलं, आबाजी कसे आंधळे झाले नि कसे बरे झाले. सुमनला मध्ये "हो का" म्हणायलाही फट मिळेना. ती नुसती रिक्षाच्या चाकाला टेकून ऐकत उभी राहिली. सुपरवायझर होऊन आलेली बाई, आणि तिची लाइन पोरीनं सोडलीच नाही.

पुढल्या वर्षी परीक्षा संपली आणि मीनाचा मामा तिला उमरेडला घेऊन गेला. सुमननंच मला येऊन सांगितलं की यंदा मीना येणार नाही. सुट्टीच्या पहिल्या सोमवारी मी सकाळी ताटी बांधत होते, तर गल्लीच्या तोंडाशी छत्री दिसली. आबाजी एकटेच. एका हातात डबा, काखेत सतरंजी.

"मीना कुठाय?" मी ओरडून विचारलं.

"उमरेडले."

"मग तुम्ही?"

कामावर उशिरा आलेल्या माणसाकडे जॉबर बघतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाकीचे पोट्टे येऊन राहिले ना? यादवले झोपाचं नाई काय दुपारी?" आणि सतरंजी अंथरून बसले. "अन् ताटी तुम्ही औंदाबी उलटीच बांधून राहिल्या."

दिवे लागायच्या आत सुमन रिक्षा घेऊन त्यांना न्यायला आली. आबाजी आमच्याकडे पाठ करून चप्पल घालत होते. तिनं फाटकातून खालच्या आवाजात मला विचारलं, "जेवले ना नीट? त्रास नाही ना दिला?"

"दिला थोडा," मी म्हटलं. "पण दुपारी झोपले शहाण्यासारखे."

आबाजी वळले. "काय बोलून राहिल्या तुम्ही दोघी?"

"काही नाही, मामाजी. उद्या यायचं काय, विचारत होत्या."

"उद्या? उद्या तर याच लागते. गोलू येऊन राहिला उद्यापासून. त्याले एकट्या बाई कशा पुरतीन?"

रिक्षाची पायरी उंच होती. सुमन आधी चढली आणि तिनं हात पुढे केला. सासऱ्यानं सुनेचा हात धरायची त्यांच्या घरी रीत नव्हती. आबाजींनी गल्लीत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी ताटीवर पाणी मारायला वळले. परत बघितलं तेव्हा ते तिच्या शेजारी बसले होते, आणि हात अजून त्यांनी सोडला नव्हता.